सारखं वाटप

रविनाने डबी दिली नाही.

सकाळचा चहा झाला होता. सावरपाड्याच्या आश्रमशाळेच्या ओट्यावर गोळ्या घ्यायला मुलींची रांग लागली होती आणि निर्मला मॅडमचा हात तिच्यापुढे पसरलेला होता. मुलींच्या वसतिगृहाच्या या अधीक्षिका. त्यांच्या दुसऱ्या हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. सिकलसेल या रक्ताच्या आजाराची नोंद असलेल्या चारही मुलींसाठीच्या गोळ्यांच्या डब्या त्यात एकत्र पडायच्या.

"दे गं. उशीर होतोय."

"नाय देणार."

रांगेत मागे उभी असलेली दक्षा खुदकन हसली आणि लगेच गप्प झाली. मॅडमना कुणी नाही म्हणत नसे.

रविना दहावीत होती. कालच ती डहाणूच्या दवाखान्यातून परत आली होती. चार दिवस तिथे पडून होती. मांड्यांच्या हाडांतून कुणी पहार फिरवावी तसं दुखत होतं. या दुखण्याला शाळेत दोन नावं होती. अभ्यास असला की नाटक, आणि फारच ओरडली की बाहेरचं काहीतरी. डॉक्टरांनी मॅडमना विचारलं होतं, गोळ्या रोज देता ना? "माझ्या हाताने देते," मॅडम म्हणाल्या होत्या. खोटं नव्हतं ते. पंधरा तारखेपर्यंत देत होत्या, मग डबा रिकामा होत होता. सरकारी औषध संपतं, त्यात सांगण्यासारखं काय? रविनालाही तसंच वाटत आलं होतं.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यातली संगिता ताई खाटेजवळ येऊन बसली. सिकलसेलच्या पेशंटना समजावून सांगायचं हेच तिचं काम. तिने रविनाला मिळालेली नवी डबी हलवून दाखवली. "यात तीस गोळ्या असतात. रोज एक. मग पंधराव्या दिवशी संपतात कशा?"

रविनाने रांगेचं सांगितलं. डबी तिची एक आणि सातवीतल्या रूपीची एक. खाणाऱ्या चौघी. ती, रूपी, दक्षा आणि जिजा.

संगिता ताईचा चेहराच उतरला. "दक्षा आणि जिजा वाहक आहेत गं. त्यांना आजार नाही. ही गोळी त्यांनी खायचीच नाही! दोघींना रक्त तपासायला घेऊन या म्हणावं, याच आठवड्यात."

मॅडम वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर बरं झालं असतं, निदान शिव्या घालता आल्या असत्या. आश्रमशाळेत सगळं सारखं वाटायचं असतं. तेल प्रत्येकीला एक पळी, साबण अर्धी वडी, अंडं आलंच तर एक. कुणाला जास्त मिळालं की पाड्यावरून बाप भांडायला येतो. त्याच हाताने मॅडम औषधही वाटत होत्या. चारही कार्डांवर सिकलसेल लिहिलेलं, मग चौघींना एकेक. हिशेब चोख आणि मुलगी दवाखान्यात.

"सिकलसेल म्हणजे सिकलसेल," मॅडम आता म्हणाल्या. "तुला द्यायची आणि दक्षाला नाही, असं मी करणार नाही."

"दक्षाला तो आजार नाही, मॅडम. तिला गोळी द्यायचीच नाही."

"अगं, मग मला ती मळमळ व्हायची ती?" मागून दक्षा.

"कशाची ते रक्त तपासल्यावर कळेल. पण आजपासून तोंडात घालू नको."

"आणि मी म्हणत होते डाळच खराब आहे! उगाच त्या स्वयंपाकीण बाईला शिव्या दिल्या."

रांग हसली. मॅडम नाही हसल्या. त्यांनी हेडसरांना बोलावलं.

हेडसरांनी उभ्याउभ्या निकाल दिला. "औषध मुलांच्या हातात ठेवायचं नाही. एखादीने सगळ्या गोळ्या एकदम गिळल्या तर जेलात मी जाणार, तू नाही. डबी दे, नाहीतर आईला बोलवतो. घरी जा. परीक्षेपुरती ये."

परीक्षेपुरती. म्हणजे परीक्षा नाहीच. हे रविनाला पक्कं ठाऊक होतं. अशी घरी गेलेली एकही पोरगी परत आलेली तिने पाहिली नव्हती. मागच्या वर्षी वर्गातल्या काळ्याची बहीण अशीच घरी गेली, ती आता वीटभट्टीवर आहे.

"बोलवा," ती म्हणाली.

त्या दिवशी तिला वर्गाबाहेर बसवलं. तिने ओट्यावर बसून भूमिती सोडवली, ताईने सांगितल्याप्रमाणे तासातासाला उठून पाणी प्यायली आणि डबी मांडीखाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिची आई, बायजी, आली. कैनाडच्या चिकूवाडीतल्या मजुरीचा खाडा करून, दोन गाड्या बदलून. आल्या आल्या तिने ऑफिसात हेडसरांपुढे हात जोडले. मग लेकीकडे वळली. "काय केला गं तू? मोठ्या माणसांना उलट बोलते?"

"बोलले. ऐक तरी."

सरांनी कागद पुढे केला. "इथे सही करा, बाई."

रविनाने तो मधेच उचलला. "आये, तुला वाचता येत नाय, मी वाचते. 'माझी मुलगी सतत आजारी असते, तरी माझ्या विनंतीवरून तिला घरी नेण्यास परवानगी मिळावी.' तू विनंती केली?"

"मी? मी कधी केली?" बायजीचे जोडलेले हात सुटले. "मला तर फोनवर सांगितला, पोरीने चोरी केली."

"चोरी असं नाही म्हटलं मी," सर म्हणाले.

"मग काय म्हटला?"

रविनाने टेबलावरच्या कार्डांच्या फायलीतून दक्षाचं कार्ड काढून सरांसमोर धरलं. "मोठ्याने वाचा, सर. खालची ओळ."

ती ओळ त्यांनी कधी वाचली नव्हती, हे त्यांच्या भुवयांवरूनच कळत होतं. "वाहक. औषधाची गरज नाही."

निर्मला मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांचा आवाज फाटला. "मी कुणावर अन्याय केला नाही. एका पोरीला कमी दिलं नाही कधी."

"नाय केला, मॅडम. तुम्ही वाटप केलं. पण हे अंडं नाय. माझ्यातलं अर्धं दक्षाला दिलं की तिच्या पोटात नको ते औषध जातं आणि मी खाटेवर पडते. ताईने सांगितलंय, दक्षाचं आणि जिजाचं रक्त तपासायचंय. ते आधी करा. माझी डबी माझ्या पेटीत राहील, माझ्या कुलपात. रोज सकाळी तुमच्यासमोर एक खाईन. मोजायच्या तर मोजा."

"आणि मी परवानगी नाही दिली तर?" सर म्हणाले. "मी वर, आदिवासी प्रकल्प कार्यालयात कळवीन."

"कळवा. सोबत हे कार्डही जोडा."

बायजी खुर्चीवर बसली नव्हती. आता ती ओढणी सारखी करून खाली फरशीवर बसली. "साहेब, पोरीला नेत नाय मी. तुम्हाला काढायची तर हाताला धरून काढा. मी बघते."

कुणी धरलं नाही. सरांनी तो कागद घडी करून खिशात घातला, फाडला नाही. म्हणजे संपलं नव्हतं, आज फक्त थांबलं होतं. दक्षा आणि जिजाला कधी न्यायचं ते दवाखान्याला विचारायला मॅडम फोनकडे वळल्या.

रविना सरळ त्यांच्या खोलीत गेली आणि पत्र्याच्या डब्यातून रूपीच्या गोळ्यांची डबी काढली. मॅडमनी बघितलं, अडवलं नाही. रूपी बाहेर खांबाला टेकून उभी होती.

"यावरचं नाव वाच."

रूपीने अक्षरं लावून वाचलं. स्वतःचंच नाव, तरी दोनदा.

"माझ्या पेटीत ठेवू दोन्ही. सकाळी तुझी तू काढायची. ताप आला, छातीत दुखलं तर लगेच सांगायचं, लपवायचं नाय. थंड पाण्याने आंघोळ नाय, त्याने दुखणं उठतं."

"पण पहाटे गरम पाणी देत नाय."

"मागायचं."

"नाय दिलं तर?"

"तर आंघोळच करायची नाय. वास सुटला की आपोआप देतील."

रूपी हसता हसता थांबली. "आणि मॅडमनी डबी मागितली तर?"

"आधी नाय म्हणायचं," रविना म्हणाली. "मग का नाय, ते सांगायचं."

घंटा झाली. आईला ओट्यावर पाणी देऊन ती वर्गात गेली आणि आतून कुणी काही म्हणायच्या आत आपल्या बाकावर जाऊन बसली.