मागून हाक

“वाटंला लागलेल्या माणसाला मागनं हाक मारायची न्हाई, पोरी. अर्ध्या मनानं जातंय मग ते.”

सासूचा, धोंडुबाईंचा, हा आवाज हरणाबाईंच्या कानात लग्नाच्या पहिल्या वर्षापासून बसलेला. नवरा सुट्टी संपवून पलटणीकडे निघाला होता आणि भाकरीचं फडकं चुलीपाशीच राहिलं होतं. हरणाबाईंनी हाक मारायला तोंड उघडलं, तर सासूने तोंडावर हात ठेवला. मग त्या बांधाबांधाने धावल्या आणि पुढून जाऊन नवऱ्यासमोर धापा टाकत उभ्या राहिल्या. तेव्हापासून घरातून कुणी निघालं की त्या ओठ मिटून उभ्या राहत. तीच त्यांची माया.

आता नवरा नव्हता. साताऱ्याच्या डोंगराआड धरणाचं पाणी पसरलेलं, तिथल्या धक्क्यावर सहलीला आलेल्यांना लाईफ जॅकेट घालून द्यायचं काम त्या करत.

“लय आवळताय मावशी, आत्ताच जेवलोय की ओ!” माधवनगरचे रायगोंडा कळवळले.

“आवळा ओ,” आधीच जॅकेट घालून उभी असलेली त्यांची बायको गुणमाला म्हणाली. “तेवढंच गप बसतील.”

“सैल ऱ्हायलं तर पाण्यात जाकीट वर आन् माणूस खाली,” हरणाबाई म्हणाल्या. त्यांनी शेवटचा पट्टा ओढला, खांद्यापाशी धरून जॅकेट वर उचलून पाहिलं. हललं नाही.

पाण्यावर जेटस्की डुलत होती. तिच्याजवळ अंकिता उभी. हरणाबाईंची लेक. जेटस्की चालवायची परीक्षा पास होऊन आज पहिल्यांदा माणूस बसवून नेणार होती.

“पाण्यावर तरंगत्यात त्या लाल पिपांच्या आत हळू जायचं,” ती सांगत होती. “दुसऱ्या बोटीच्या जवळ जायचं न्हाई. पडलासा तर घाबरू नका, मागल्या बाजूनं चढायचं. आन् दारू घेतली असंल तर आत्ताच सांगा.”

“जैन माणसाला दारूचं विचारतीस व्हय गं!” रायगोंडा हसले. “अंधार पडायच्या आत जेवायला सोड म्हणजे झालं.”

“तुमी बसा धक्क्यावर,” गुणमाला म्हणाली. “पोरगी चालवणार हाय, मी जाते.”

अंकिताने आईकडे पाहिलं. “आये, काय तरी बोल की.”

हरणाबाईंनी तिच्या जॅकेटचा पट्टा ओढला. पुन्हा ओढला.

विश्वजीतचं जॅकेटही त्यांनीच आवळलं होतं. अंकिताचा थोरला भाऊ. याच धक्क्यावरून जेटस्की घेऊन सुटला, तेव्हा त्यांना दिसलं होतं, मनगटात घालायची लाल दोरी हँडललाच लोंबत होती. माणूस पडला की ती दोरी ओढली जाते आणि मशीन जागच्या जागी बंद पडतं. हाक घशापर्यंत आली होती. पण पोरगं वाटेला लागलं होतं. एका लाँचच्या लाटेवर तो उडाला. रिकामं मशीन गोल फिरून त्याच्याच अंगावर आलं. जॅकेटने त्याला वर धरून ठेवलं होतं, शेवटपर्यंत. पुढून गाठावं, तर पाण्याला बांध नसतो.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. लेकाचं नावही त्या दिवसापासून तोंडात आलं नव्हतं.

गुणमालाचा पाय बसताना घसरला. अंकिताने मनगटातली दोरी काढून हँडलला अडकवली, दोन्ही हातांनी तिला सावरलं, नीट बसवलं.

“धरा मला घट्ट.”

“धरलं बाई. देवाचं नाव घेऊ का?”

“घ्या की. माझंबी घ्या.”

दोघी हसल्या. मशीन घुरघुरलं. जेटस्की धक्क्यापासून सुटली आणि हळूहळू लाल पिपांकडे निघाली. हँडलला लाल दोरी लोंबत होती.

हरणाबाईंचे ओठ आपोआप मिटले. पिपं जवळ आली. त्यापुढे लेक वेग घेणार होती.

“मावशी, काय झालं ओ?” रायगोंडांनी विचारलं.

हरणाबाईंनी हात तोंडाशी नेला. तोंडावर न ठेवता कडेला धरला, शेतातून हाळी घालतात तसा.

“विश्वाऽऽऽ! दोरी! दोरी घाल रं लेकरा, हाताला दोरी घाल!”

पाणी ओलांडून हाक समोरच्या डोंगराला लागली आणि माघारी आली.

पिपांच्या अलीकडे मशीन थांबलं. अंकिताने वळून पाहिलं. नाव आपलं नाही, असं ती म्हणाली नाही. तिने लाल दोरी मनगटात घातली आणि आईला दिसेल असा हात उंच धरला.

“घातली, आये.”