नको म्हटलेला चहा

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. माझा रंग म्हणे हिरवा होता. चांगथांगच्या पठारावरच्या वाऱ्याने वाळू मारून मारून तो खरवडून काढला आहे. माझा जन्म कुठल्याशा थंड देशातल्या कारखान्यात झाला. एक परदेशी पाहुणा माझ्यावर बसून लडाखला आला, गुडघा दुखावून विमानाने परत गेला आणि मला लेहच्या बाजारात सोडून गेला. तिथून यांगडोलने मला घरी नेलं.

यांगडोल लेहच्या शाळेत गणित शिकवते. हिवाळाभर मी तिच्या गोठ्यात चाऱ्याच्या भाऱ्यांमागे पडून असते. कुणी ढुंकून बघत नाही. उन्हाळ्याची सुट्टी लागली की ती तंबू, स्टोव्ह आणि पाण्याच्या बाटल्या माझ्यावर बांधते आणि एकटीच निघते. तिची आई दर वर्षी दारात उभी राहून तेच बोलते.

"घरात गादी असताना दगडांवर झोपायला जाते! कुणी विचारलं तर काय सांगू?"

"सांग, शेळ्या शोधायला गेलीय."

"आपल्याकडे शेळ्या आहेत कुठे?"

"म्हणून तर वेळ लागतो, आमा-ले!"

मग आई हसते आणि माझ्या पिशवीत सुकवलेले जर्दाळू कोंबते.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही खाऱ्या सरोवरापलीकडच्या पठारावर होतो. दुपारी समोरून वारा सुटला. यांगडोल जीव खाऊन पॅडल मारायची आणि मी जागची हलायची नाही. पुढे ओढा लागेल या भरवशावर तिने बाटल्या संपवल्या होत्या. पण त्या वर्षी बर्फ कमी पडलं होतं. ओढ्याच्या जागी नुसते पांढरे गोटे होते. आता गोडं पाणी थेट खिंडीपलीकडे. इतक्या उंचीवर पाण्याविना रात्र काढायची म्हणजे जिवाशी खेळ, हे तिला ठाऊक होतं.

तेवढ्यात मेंढपाळांचा काळा तंबू दिसला. दाराशी मेमे टुंडुप, म्हणजे टुंडुप आजोबा, लोकर विंचरत बसले होते. यांगडोलच्या नाकातोंडावर फडकं, डोळ्यांवर काळा चष्मा, डोक्यावर हेल्मेट. घसा असा सुकलेला की शब्द फुटेना. मेमेंनी थर्मास उचलून कपाकडे बोट दाखवलं. तिने हात हलवून नको म्हटलं.

आमच्याकडे हीच रीत आहे. पहिल्याच वेळी हो म्हणणारा हावरट ठरतो. यजमानाने पुन्हा आग्रह करायचा, पाहुण्याने पुन्हा नको म्हणायचं, मग कुठे कप हातात घ्यायचा. यांगडोल दुसऱ्या आग्रहाची वाट बघत उभी राहिली. मेमेंनी थर्मासचं झाकण लावलं.

मेमेंचीही बाजू ऐका. त्यांना ती परदेशी वाटली. मागे एका परदेशी माणसाला त्यांनी आग्रह करकरून लोणी-मिठाचा चहा पाजला होता आणि त्याने तंबूच्या दारातच उलटी केली होती. तेव्हापासून परदेशी पाहुणा नको म्हणाला की मेमे गप्प बसतात.

आपण होऊन मागणं यांगडोलला मेल्याहून मेल्यासारखं. तिने हात जोडले आणि मला वळवलं. मला दोघांचाही राग आला नाही. वाईट मात्र वाटलं.

पुढे मंत्र कोरलेल्या दगडांची भिंत लागली. रस्ता तिच्या चुकीच्या बाजूने जात होता. आमच्याकडे अशी भिंत उजव्या हातालाच ठेवून जातात. यांगडोल उतरली आणि तिने भिंत उजव्या हाताला राहावी म्हणून मला ओझ्यासकट गोट्यांतून ढकलत नेलं. त्यात तिची उरलीसुरली ताकद गेली. थोड्या अंतरावर तिने तंबू ठोकला आणि वाऱ्याने उडू नये म्हणून एक दोरी मला बांधली. भांड्यात कोरड्या शेवया तशाच पडल्या. मागे फिरावं म्हणून ती उठली, पण डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती माझ्या चाकाला टेकून खाली बसली.

उन्हं शिखरांवर गेली असताना मोटरसायकलचा आवाज आला. पुढे मेमे, मागे त्यांची बायको आबी कुन्झेस. गाडीवरून उतरण्याआधीच तिची बडबड सुरू होती.

"परदेशी म्हणे! परदेशी बाई एवढं ओझं घेऊन दगडांतून भिंतीला वळसा घालील का? शेळ्या आणताना माझ्या डोळ्यांनी पाहिलं मी. आपली पोरगी आहे ती! आणि ओढा तर आटलाय!"

"अगं, ती नको म्हणाली ना!"

"तुमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा मीसुद्धा नको म्हणाले होते. तेव्हा बरा माझ्या हातात कप कोंबलात!"

मेमेंनी घाईघाईने पाण्याचा कॅन उघडला आणि कप भरला. "घे, पोरी..."

त्यांचा शब्द पुरा व्हायच्या आत यांगडोलने दोन्ही हातांनी कप ओढून घेतला, रिकामा केला आणि पुन्हा पुढे धरला.

"एकदाही नको म्हणाली नाहीस! आता मात्र अगदी परदेशी दिसतेस!" मेमे म्हणाले.

ती हसली. ओठ फुटून रक्त आलं, तरी कप पुढेच होता.

मित्रांनो, मला तेल हवं का, असं विचारलंत तरी मला उत्तर देता येणार नाही. साखळी कुरकुरली की न विचारता दोन थेंब सोडा. माणसाला मात्र विचारा. तो नको म्हणाला, तर जाण्याआधी पुन्हा एकदा विचारा.