टीव्हीवरच्या शर्यतीचा निकाल

सत्यभामेनं पीएचडीसाठी व्हिडिओ गेमच्या इतिहासाचा विषय घेतला, तेव्हा तिच्या गावात, चकलांब्यात, तिला हसायलाही कुणाला सवड नव्हती. दुष्काळामुळं निम्मं गाव जनावरं घेऊन विकास सोसायटीच्या चारा छावणीत मुक्कामाला होतं. मग तीही तिथंच गेली.

"इथं कुणी गेम खेळलंय का?" तिनं विचारलं.

मेंढरं राखणारा धुळाजी बाजेवर उठून बसला. "मी खेळलोय. चेअरमनला हरवलंय. लिव्ह!"

"साफ खोटं!" पलीकडून सोसायटीचे चेअरमन अर्जुनराव ओरडले. "लाइट गेली तवा माझी गाडी म्होरं व्हती."

मागच्या एका दुष्काळात सोसायटीच्या सभेला माणसंच जमेनात, म्हणून अर्जुनरावांनी ऑफिसातल्या टीव्हीला गेम जोडला होता. सभा भरायला लागल्या. पण या दोघांची मोटारींची शर्यत ऐन रंगात आली आणि लाइट गेली. तेव्हापासून ते एकमेकांशी धड बोलत नव्हते.

एका खेळानं सभा भरवली आणि दोस्ती मोडली! सत्यभामा हरखून गेली. बीडला जाऊन तिनं तसलाच जुना गेम शोधून आणला. छावणीच्या जनरेटरवर टीव्ही लागला, भोवती सगळी छावणी गोळा झाली.

"करा सुरू," ती म्हणाली.

धुळाजीची गाडी पहिल्याच वळणावर खड्ड्यात गेली. अर्जुनरावांची उलट्या दिशेनं पळत सुटली.

"ह्याचं बटणच चालंना की!"

"माझंबी!"

"व्हा बाजूला," म्हणत धुळाजीची बायको बायडाबाई पुढं सरसावली. चेअरमनच्या पत्नी छबुबाईंनी पदर खोचला. दोघींच्या गाड्या सुसाट निघाल्या.

सत्यभामा बघतच राहिली. "काकू, तुम्ही कधी शिकलात?"

"हे दोघं बाहीर 'कोण जितलं' म्हणून भांडत बसायचे," बायडाबाई नजर न हलवता म्हणाली, "तवा आत गेम मोकळाच असायचा की!"

जनावरांना पाणी दाखवायची वेळ झाली तरी बाया उठेनात. शेवटी दोघा गड्यांनीच बादल्या उचलल्या.

"धुळाजी, खरं सांगू? त्या दिशी तुझीच गाडी म्होरं व्हती."

"न्हाई चेअरमन, तुमचीच."

"आरं, मी सांगतोय ना, तुझी!"

"तुमी कावून खोटं बोलता? तुमचीच व्हती!"

दोघांचा आवाज चढला तशी सत्यभामा मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करून त्यांच्यामागं पळाली.