रबरबँड लावलेला रिमोट

लॅबमध्ये त्याला सगळे उचापती म्हणायचे, आणि तो ते बक्षीस मिळाल्यासारखं मिरवायचा.

टेस्टिंगची खोली आतून काळ्या स्पंजच्या सुळक्यांनी भरलेली. बाहेरची एकही लहर आत येत नाही. मधल्या फिरत्या टेबलावर यंत्र ठेवायचं आणि बाहेर स्क्रीनवर बघायचं, ते नको तिथे रेडिओ लहरी फेकतंय का. आलेखाचं टोक लाल रेषेवर गेलं की यंत्र नापास. उचापती टेबलाखाली गुपचूप खेळण्यातल्या गाडीचा रिमोट चिकटवायचा, बटणावर रबरबँड ताणून. टोक उसळायचं, गिऱ्हाइकाला घाम फुटायचा, मग हा रिमोट काढून दाखवायचा. "कशी जिरवली!"

आज टेबलावर धाकट्या भावाचं मॉड्यूल होतं. नखाएवढं, ब्लूटूथचं. आधी दोनदा नापास झालेलं. आजही नापास झालं तर सोमवारी भावाचा कंपनीतला विभागच बंद.

टेबल फिरलं. टोक लाल रेषा फोडून वर गेलं.

लॅबचे साहेब खो-खो हसले. "अरे, सख्ख्या भावालाही सोडत नाहीस? काढ तो रिमोट!"

भाऊही हसला. मग स्क्रीनकडे बघून त्याचं हसू विझलं. रिमोटचं टोक पार डावीकडे उठतं. हे उजवीकडे होतं, मॉड्यूलच्या स्वतःच्या फ्रिक्वेन्सीच्या बरोबर दुप्पट जागी, म्हणजे दोष मॉड्यूलचाच. साहेबांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. या दोघांना कळत होतं.

दोघं आत गेले. जाड दार लागलं. तिथे आवाज तोंडाबाहेर पडतो तोच मरतो.

"दादा, मी लॅपटॉपवरून मॉड्यूलची पॉवर उतरवतो. तू फक्त रिमोट काढल्याचं नाटक कर. तुझ्या हातचा मळ आहे."

"आणि बाजारात जाईल त्या मालाची कोण उतरवणार?"

"ते नंतर बघू रे!"

उचापती रिकाम्या हातांनी बाहेर आला. "साहेब, आत रिमोट नव्हताच."

साहेबांना हीसुद्धा थट्टाच वाटली. "पुरे आता!"

त्याने आपला ड्रॉवर उघडला. भावाच्या टेस्टचा दिवस म्हणून रिमोट आज मुद्दाम इथेच ठेवला होता. तो टेबलावर आपटून त्याने कागदावर 'नापास' लिहिलं.

भाऊ वायरी गुंडाळत होता. "वीस वर्षं जगाला फसवलंस. आज एकदा माझ्यासाठी फसवलं असतंस, तर काय गेलं असतं तुझ्या बापाचं?"

बाप दोघांचा एकच. एरवी उचापतीने या चुकीवर हसून लॅब डोक्यावर घेतली असती.

सोमवारी विभाग बंद झाला. भावाने फोन उचलला नाही. मंगळवारी नवं गिऱ्हाईक आलं, घाबरट दिसत होतं. साहेबांनी डोळा मारला, "लाव की!"

"रबरबँड तुटलं," उचापती म्हणाला. खिशात ते बोटाला गुंडाळून त्याने इतकं आवळलं होतं की बोट बधिर झालं होतं.