कोणी, कधी, कशासाठी

"पिवळी कोणाची?"

केबलकाका मीटिंगच्या खोलीच्या दारात उभे होते. पँटच्या गुडघ्यांना धूळ, कपाळावर टॉर्चचा पट्टा. टेबलाभोवती कंपनीचे आठ वरिष्ठ बसले होते.

"बरं, निळी कोणाची?"

मी कोपऱ्यात वही उघडून बसले होते. मीटिंगांचं इतिवृत्त लिहिणं हे माझं काम, आणि 'पिवळी कोणाची' हे सरकारी थाटाच्या भाषेत कसं बसवायचं या विवंचनेत मी होते.

आमची कंपनी नेटवर्कचं सॉफ्टवेअर बनवते. शंभर कम्प्युटरांनी एकमेकांशी नीट बोलावं, यावर आमची चूल पेटते. आणि त्या बुधवारी, खुद्द मालकीणबाई, म्हणजे आमच्या मोठ्या मॅडम, कंपनीची पुढची दिशा ठरवायला बसलेल्या असताना, आमच्याच ऑफिसातला एकही कम्प्युटर दुसऱ्याशी बोलत नव्हता.

तसे बोलत तर दोन वरिष्ठही नव्हते. विक्रीवाले साहेब म्हणत, हॉस्पिटलांत आणि गिरण्यांत जुनी यंत्रं आहेत, ती चालवणारं जुनं सॉफ्टवेअरच विकत राहू. इंजिनीअरबाई म्हणत, जुनं बंद करा, सगळं नव्यानं लिहू आणि इंटरनेटवरून चालवू. दोघांच्या केबिनी एकमेकींना लागून, मध्ये एक पातळ भिंत. तरी सहा महिने भांडण मेलवर चाललेलं, आणि प्रत्येक मेलची प्रत मोठ्या मॅडमना.

एकमत होतं ते फक्त एका बाबतीत. केबलकाकांची लॅब दोघांनाही नको होती. साहेबांना तिथे गिऱ्हाइकांसाठी सोफे टाकायचे होते. बाईंना सगळ्या चाचण्या भाड्याच्या, दूरच्या कम्प्युटरांवर करायच्या होत्या. मागच्या मीटिंगमध्ये मीच माझ्या हातानं लिहिलं होतं, 'लॅब महिनाअखेर बंद. संबंधितास नंतर कळवावे.' इतिवृत्त गुप्त असतं. आणि संबंधित रोज दुपारी माझ्या टेबलाशी थांबून विचारायचे, "काय ताई, जेवलात का?" माझा डबा तसाच घरी परत जायचा.

काका इमारत बांधताना वायरी ओढायला आले आणि सव्वीस वर्षं राहिले. डिग्री नाही. त्यांच्या लॅबमध्ये जुनीनवी साठ यंत्रं आणि तीनशेवर वायरी, पण प्रत्येक वायरीच्या गळ्यात कापडी चिठ्ठी. शिवणकाम करणाऱ्या काकू शर्टाच्या कॉलरमधलं उरलेलं कॅनव्हास कापून त्या करून देत. चिठ्ठीवर तीन ओळी: कोणी, कधी, कशासाठी. ज्या वायरीला हात लावायचाच नाही, तिला लाल चिठ्ठी: 'काढू नये.' चिठ्ठी नसेल किंवा अर्धवट असेल, तर काकाही त्या वस्तूला विचारल्याशिवाय शिवत नसत. नवी पोरं हसायची. घरच्या फ्रिजलाही चिठ्ठी बांधल्यावर काकू वैतागून म्हणाल्या होत्या, "माझ्याही गळ्यात बांधा एक!" काका म्हणाले, "बांधली असती. कोणी आणि कधी पाठ आहे. कशासाठी, ते अजून कळायचंय." ही हकिगत मला खुद्द काकूंनी, हसू दाबत सांगितली होती.

तर त्या बुधवारी नऊपासून पोरं नुसती हातावर हात ठेवून बसली होती. त्यांची सगळी हत्यारं नेटवर्कवरून चालणारी, आणि नेटवर्कच झोपलेलं. काका मात्र टॉर्च लावून लॅबमधल्या टेबलांखाली शिरले. बिघाड काय आहे हे त्यांनी शोधलंच नाही. चिठ्ठी नसलेली वायर शोधली. तासाभरात दोन सापडल्या.

"ऑफिसात कम्प्युटरांना पत्ते वाटणारं यंत्र एकच असतं," काका आता शांतपणे सांगत होते. "आज तिघं वाटतायत. एकच पत्ता तिघातिघांना गेलाय. दोन यंत्रं कोणीतरी काल न विचारता जोडलीत. मालक कळल्याशिवाय मी वायर काढणार नाही."

इंजिनीअरबाई पुटपुटल्या, "पिवळी माझी. आज दाखवायला नवं सॉफ्टवेअर लावून ठेवलं होतं."

साहेबांचा चेहरा उतरला. "निळी... आमच्याकडची."

"आमच्याकडची म्हणजे कोणाची? नाव सांगा साहेब, चिठ्ठी करायचीय."

"माझी हो, माझी!"

सगळ्यांत आधी मोठ्या मॅडम हसल्या, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग त्यांनी विचारलं, "बाई, तुमचं काम दूरच्या कम्प्युटरांवर होणार होतं ना? मग लॅब कशाला लागली?"

"खऱ्या यंत्रावर चालतं का, ते... बघायचं होतं."

"आणि साहेब, तुमचे सोफे?"

"गिऱ्हाइकाला दाखवायचं जुनं यंत्र... सोफ्यावर कसं जोडणार?"

पडद्यावर काही दाखवायची सोय नव्हतीच, म्हणून सगळी वरात लॅबमध्ये गेली. दोघांनी आपापल्या चिठ्ठ्या लिहिल्या, शाळेत शिक्षा लिहावी तशा मान खाली घालून. मग काकांनी दोन्ही वायरी काढल्या, ऑफिस जागं झालं, आणि काका सहज म्हणाले, "बाई, तुमचं नवं साहेबांच्या जुन्या यंत्रावर लावून बघू का? बाकीच्यांपासून वेगळं ठेवून?"

"चालणार नाही," दोघं एकदम म्हणाले. सहा महिन्यांतलं हे त्यांचं दुसरं एकमत.

चाललं. धापा टाकत चाललं, पण चाललं. साहेब आणि बाई एकाच पडद्यावर वाकून भांडू लागले, समोरासमोर, आवाज चढवून. मला इतका आनंद झाला की पेन हातातून पडलं. मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ती लॅबची ओळ खोडा." मी अशी खोडली की मागचं पानही फाटलं.

दुपारी मला राहवेना. "काका, एक गोष्ट तुमच्यापासून लपवली होती मी."

"लॅबची ना?" काका म्हणाले. "ताई, तुम्ही डबा न उघडता परत न्यायला लागलात, तेव्हाच कळलं. म्हणून तर तेव्हापासून जुन्या चिठ्ठ्या परत लिहून काढतोय. माझ्यामागून येईल त्याला विचारायला कोणी नसणार." मला हुंदका आला. "अहो, रडताय काय, खोडलीत ना ओळ?" म्हणत त्यांनी माझ्यापुढे पाण्याची बाटली सरकवली.

आम्ही लॅबमध्ये परतलो तर काकांच्या खुर्चीला लाल चिठ्ठी बांधलेली. 'काढू नये.' कोणी: खाली दोन सह्या, एक साहेबांची, एक बाईंची. कधी: आजची तारीख. कशासाठी: कोरं.

काकांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली. "अर्धवट आहे," ते म्हणाले, पण आवाज जरा ओला होता.

"अहो, बसा आता!"

"नियम म्हणजे नियम. विचारून या."

मी केबिनींकडे गेले. पातळ भिंतीचा आज काही उपयोग नव्हता, दोघं एकाच केबिनीत होते. "'अनुभवासाठी' लिहू," साहेब म्हणत होते. "अनुभव म्हणजे काय? मोघम नको, नेमकं लिहा," बाई म्हणत होत्या. मी दार न वाजवताच परत आले.

"ठरतंय," मी काकांना सांगितलं.

"ठरू द्या. घाई नाही."

सहा वाजता मी निघाले तेव्हा काका टेबलाला टेकून, उभ्यानंच एका वायरीची चिठ्ठी लिहीत होते आणि गुणगुणत होते. शेजारी त्यांची खुर्ची रिकामी होती, तिच्यावरची लाल चिठ्ठी पंख्याच्या वाऱ्यानं हलत होती, आणि दुसऱ्या वायरीकडे वळताना ते तिला धक्का लागू देत नव्हते.