सोयऱ्यांची गाडी

१९५७ सालच्या कार्तिकात हे सुरू झालं. मी तेव्हा तेरा वर्षांची होते आणि माझी बहीण सकवारबाई, आमची अक्का, एकोणीस वर्षांची.

आमचं घर बसवनगुडीत होतं. शहाजीराजांबरोबर आमचे पूर्वज बेंगळुरात आले असं घरात सांगत. त्याहून जास्त कुणालाच माहीत नव्हतं. बोलायचो मराठी, पण त्यात अर्धी कानडी मिसळलेली. आईला अव्वा म्हणायचो आणि वडिलांना अप्पा. अप्पांचं नाव प्रतापराव. कलासिपाळ्याला त्यांची लाकडाची वखार होती. साग, होन्ने, मत्ती असं मलनाडाच्या जंगलातलं लाकूड तिथे यायचं. प्रत्येक ओंडका अप्पा बोटाच्या पेराने ठोकून बघायचे, कान लावायचे, मग दुसऱ्या टोकाला जाऊन पुन्हा ठोकायचे. गाडीवाले हसून म्हणायचे, "डॉक्टर आले, बाजूला व्हा!" अप्पाही हसायचे, पण ठोकल्याशिवाय लाकूड घ्यायचे नाहीत.

सोयऱ्यांची गोष्ट मात्र वेगळी होती. आमच्यासारख्या जुन्या घरांत रीतच होती की सोयऱ्याच्या घरून आलेली वस्तू तपासायची नाही. भात आलं तर मापायचं नाही, बैल आला तर त्याचे दात बघायचे नाहीत. बघणं म्हणजे संशय आणि संशय म्हणजे अपमान. आपल्या मुलखापासून इतक्या लांब आमची मोजकी घरं. त्यांतच मुली द्यायच्या, त्यांतूनच सुना आणायच्या. एकमेकांवर विश्वास ठेवण्यावाचून त्यांना दुसरा उपाय नसावा, असं मला आता वाटतं.

त्या कार्तिकात कडलेकाई परिषे, म्हणजे बसवण्णाच्या देवळाजवळची शेंगांची जत्रा, भरली होती. जत्रेसाठी व्यंकोजीराव आमच्याकडे उतरले. शिमोग्याच्या पलीकडे हुलीकट्टे नावाच्या गावी त्यांची जुनी जहागीर होती. जहागिरी गेल्या होत्या, तरी त्यांचा फेटा आणि मिशा होत्या तशाच होत्या. त्यांनी अक्काला पाहिलं, तिच्या हातचं जेवण जेवले आणि हात धुताधुताच आपल्या पुतण्यासाठी मागणी घातली. पुतण्याचं नाव हंबीरराव. लहानपणीच वडील गेलेला, एकुलता एक.

त्यांनी खिशातून एक फोटो काढला. एक मोठी जुनी परदेशी गाडी, छत मागे दुमडलेलं, आणि तिच्या स्टिअरिंगपाशी बसलेला एक तरुण. तो हंबीरराव. अव्वाने आधी त्याच्याकडे पाहिलं. अप्पांनी गाडीकडे.

"ही तीच का हो?" अप्पांनी विचारलं.

"तीच. आमच्या आबांची. तुम्ही हिच्या पायरीवर उभे राहून लालबागेपर्यंत गेला होतात, आठवतं?"

अप्पांना आठवत होतं. त्यांच्या विशीच्या आत आबासाहेब ही गाडी घेऊन बेंगळुरात एका लग्नाला आले होते. त्या फेरीची गोष्ट आम्ही इतक्यांदा ऐकली होती की ती सुरू झाली की अक्का आणि मी डोळे मिचकावायचो.

व्यंकोजीराव म्हणाले, "आता ती पोसायची कुणी? एक शेटजी मागतोय. पण घरची वस्तू घरात राहिलेली बरी. सकवारबाई मांडवात हिच्यातूनच येऊ दे."

अप्पांनी तिथल्या तिथे गाडी घेतली. त्यासाठी वखारीतला जुना, वाळलेला सगळा साग त्यांनी विकायला काढला. हा साग आमच्या घराचा वरचा मजला बांधायला म्हणून ठेवलेला होता.

आमच्या मागच्या दोन खोल्यांत पद्माकर ताम्हणकर भाड्याने राहत. ते पुण्याचे, विमानाच्या कारखान्यात इंजिनियर. त्यांच्या बोलण्यात इंग्रजी फार, आणि आमची मराठी ऐकून त्यांना फार मजा वाटे. अप्पांनी त्यांना फोटो दाखवला.

"प्रतापराव, हे मागचं चाक बघा. गवत पार आऱ्यांमधून वर आलंय. ही गाडी वर्षभर तरी जागची हललेली नाही."

"पाऊस जास्त झाला असेल."

"असेल. पण मी रविवारी जाऊन बघून येतो ना. मला हौस आहे म्हणून सांगतो. जुनी गाडी न बघता घेणं म्हणजे फार धोक्याचं. बाहेरून रंग मारला की काहीच कळत नाही."

"तुमच्या पुण्यात चालत असेल ते. सोयऱ्याच्या दारात मिस्त्री पाठवला असं होईल."

"मिस्त्री नाही हो, इंजिनियर!"

"दोन्ही एकच. सोडा ते, कॉफी घ्या."

स्वयंपाकघरात अव्वा फोटो उजेडाला धरून अक्काला दाखवत होती. "तोंड कसं भरलेलं आहे बघ की ग. दूधतूप आहे घरात. आपला खंडोजी बघ, गालफडं नुसती बसलेली." खंडोजी म्हणजे माझा मामा. अक्काने फोटो देवघरात नेऊन ठेवला. पण संध्याकाळी फोटो देवघरात नव्हता. तो तिच्या उशीखाली होता, हे मला ठाऊक होतं.

संक्रांत झाल्यावर गाडी रेल्वेच्या उघड्या वॅगनमधून आली. बॅटरी उतरली आहे आणि रेल्वेच्या नियमाप्रमाणे पेट्रोल काढलं आहे, असा निरोप होता. म्हणून अप्पांनी मालधक्क्यावर दोन बैल नेले. डोक्याला जरीचा फेटा, अंगात कोट, आणि समोर बैल ओढताहेत ती लांबलचक काळीभोर गाडी. अप्पा तिच्या पायरीवर उभे राहून आले. गांधीबाजारात दुकानदार बाहेर येऊन बघत होते. एवढा आनंदी चेहरा मी त्यांचा नंतर पाहिला नाही.

दारात अव्वाने गाडीला कुंकू लावलं, नारळ ओवाळला. मग अक्काला म्हणाली, "बस ग, तूच आधी बस." आणि तिने मागचा दरवाजा उघडला.

दरवाजा उघडला आणि उघडतच गेला. खालची बिजागरी सुटली, मग वरची, आणि अख्खा दरवाजा अव्वाच्या हातात आला. तिला तो पेलेना. पद्माकररावांनी धावत येऊन धरला.

"अय्यो! मी काही केलं नाही हो!" अव्वा म्हणाली. बघायला जमलेली मंडळी हसली. अप्पाही हसले. मग ते वाकले आणि दरवाजा जिथून निखळला होता तिथल्या खांबाला त्यांनी पेराने ठोकलं.

पूर्वी अशा गाड्यांचा सांगाडा लाकडाचा असे आणि त्यावर पत्रा ठोकत. हे आम्हाला माहीत नव्हतं. अप्पांना आवाजावरूनच कळलं. ते पुढच्या खांबापाशी गेले, तिथे ठोकलं. मागे गेले, तिथे ठोकलं. बसायच्या जागेखाली हात घातला आणि बाहेर काढला तेव्हा मूठभर पिवळा भुगा होता. वाळवीने सगळं खाऊन टाकलं होतं. रंग आणि पत्रा एवढंच उभं होतं. पद्माकररावांनी पुढचं झाकण उघडलं. इंजिनाला आडवी भेग होती आणि ती कशाने तरी भरून वरून रंगवली होती.

"ह्याला आता काही करता येणार नाही," ते हळूच म्हणाले. मागे बोललो होतो, असं त्यांनी चुकूनही म्हटलं नाही. त्याबद्दल मी त्यांना आजही मानते.

मंडळी पांगली. अप्पा हात न धुता ओसरीवर बसून राहिले.

"मी काही शिकलेली नाही," अव्वा म्हणाली, "पण जो माणूस असली गाडी रंगवून पाठवतो, त्याच्या घरी मी पोरगी कशी पाठवू?"

"गाडीवरून सोयरीक मोडली म्हणतील. अक्काला मग कोण करील? कौसल्या आहे मागे." कौसल्या म्हणजे मी.

"मोडा म्हणते का मी? जाऊन बघून या म्हणते."

तेव्हा अक्का दारात आली. वडिलांसमोर ती कधी बोलत नसे. "अप्पा, एकदा जाऊन या. त्यांना भेटून या. नुसतं एकदा बोलून या."

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं. "सरी, बरं," म्हणाले. "जातो."

दुसऱ्या आठवड्यात ते हुलीकट्टेला गेले आणि दोन रात्रींनी परत आले. आम्ही सगळे दारात. अव्वाने पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी पाय धुतले आणि म्हणाले, "घर मोठं आहे. माणसं चांगली आहेत. लग्न ठरल्याप्रमाणे होईल."

"आणि मुलगा?"

"चांगला आहे."

अक्का आत गेली आणि मी तिच्या मागे. ती हसत होती. मला म्हणाली, "बघ, उगीच घाबरवलं सगळ्यांनी."

तिथे खरोखर काय झालं ते अप्पांनी फार पुढे, एकदाच, अव्वाला सांगितलं. मी शेजारच्या खोलीत होते. व्यंकोजीरावांनी त्यांना चांदीच्या ताटात वाढलं होतं. जेवताना विचारलं, "मग, गाडी कशी चालते?" समोरचा माणूस सोयरा, घर त्याचं, मीठ त्याचं. ते म्हणाले, "उत्तम." एवढं एकदा म्हटल्यावर पुढचं काहीच विचारता येईना. हंबीररावांना भेटायचं म्हटल्यावर ते शेतावर गेलेत असं सांगण्यात आलं. दुसऱ्या दिवशीही शेतावर. माडीवर एका खोलीचं दार बंद होतं आणि आत कुणी तरी खोकत होतं. जिन्याच्या पायथ्याशी अप्पा उभे राहिले. "वर जावं असं फार वाटलं ग," ते अव्वाला म्हणाले. "पण कुणाच्या घरात न विचारता कसं शिरायचं?"

वैशाखात लग्न झालं. मांडवात अक्का घोड्याच्या जटक्यातून गेली. त्या घोड्याला पद्माकररावांनी झेंडूच्या माळा बांधल्या होत्या. जेवणाच्या पंगतीत जावईबापूंच्या पानावर मीठ वाढायला गेले तर त्यांच्यामागे उभ्या असलेल्या, त्यांच्याच घरच्या म्हातारीने हात आडवा केला. त्यांची भाजी, आमटी सगळं अळणी, घरून डब्यात आलेलं. नवस आहे, असं म्हातारीने सांगितलं. पण अव्वाने जवळून त्यांचं तोंड पाहिलं. ते भरलेलं नव्हतं, सुजलेलं होतं. डोळ्यांखाली, गालांवर, हातांच्या बोटांवर सूज. अक्षता पडल्या होत्या. अव्वा वाढायचं भांडं घेऊन तशीच उभी राहिली.

हंबीररावांची मूत्रपिंडं पंधराव्या वर्षापासून बिघडलेली होती. डॉक्टरांनी लग्न करू नका म्हणून सांगितलं होतं.

हे अक्काला त्यांनी स्वतःच सांगितलं, सासरी गेल्यावर पहिल्याच आठवड्यात. पुढच्या दिवाळीत ती माहेरी आली तेव्हा आम्ही दोघी माडीविना राहिलेल्या आमच्या गच्चीत बसलो होतो. तिथे तिने मला ते सांगितलं.

"ते वाईट नाहीत ग. त्यांनी काकांना बजावलं होतं, मुलीच्या घरी आधी सांगा, मग पुढे जा. काका म्हणाले, 'त्यांनी गाडीसुद्धा न बघता घेतली. ते काही विचारणार नाहीत.'"

"मग गाडी..."

"गाडी आधी विकली ना. म्हणून कळलं त्यांना, आपण कसे आहोत ते." तिने पदराने तोंड पुसलं. "हे अप्पांना कधी सांगू नकोस."

मी सांगितलं नाही. पण अप्पांना ते कळलं असावं, कारण त्या हिवाळ्यात त्यांनी गाडी मोडीत काढली. पत्रा आणि लोखंड भंगारवाल्याने नेलं. उरलेलं लाकूड न्हाणीच्या चुलीतही धड जळेना, नुसता धूर व्हायचा.

हंबीरराव १९६३ साली गेले, एकतिसाव्या वर्षी. पाच वर्षं अक्काने त्यांना अळणी शिजवून घातलं आणि स्वतःही तेच खाल्लं. त्यांना मूल नव्हतं. व्यंकोजीरावांनी पुढे घर विकलं आणि हुबळीला मुलीकडे राहायला गेले. तिथेच ते खूप म्हातारे होऊन वारले. ते आमच्याकडे पुन्हा कधी आले नाहीत. पद्माकरराव १९६० साली बदली होऊन कानपूरला गेले आणि पहिली काही वर्षं दिवाळीला त्यांचं कार्ड यायचं.

अप्पांनी माझ्या लग्नाच्या वेळी मुलाच्या घरी सहा खेपा घातल्या. इतक्या की माझे सासरे चिडले आणि लग्न मोडता मोडता राहिलं. वखार १९६८ला बंद झाली. तीन वर्षांनी अप्पा गेले. अव्वा त्यांच्यानंतर फार जगली, पण शेवटी तिला कुणाची ओळख उरली नव्हती.

अक्का माहेरी परत आली नाही. शिमोग्याला मुलींच्या वसतिगृहावर तिला देखरेखीचं काम मिळालं आणि ते तिने तीस वर्षं केलं. मी दर उन्हाळ्यात जायचे. ती अप्पांबद्दल एक शब्द वावगा बोलली नाही, पण अप्पा भेटायला गेले की ती चहा देऊन कामाला निघून जायची आणि ते बाकावर बसून राहायचे. २००४ साली ती वारली. मी बेंगळुरातच आहे, मुलाजवळ.