पांढराशुभ्र फिल्टर

सिस्टरने स्टुलावर चढून तीन नंबरच्या खोलीतल्या हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राचं झाकण उघडलं आणि फिल्टर ओढून काढला. पांढराशुभ्र. दोन महिने वृद्धनिवासाची हवा गाळून पांढराशुभ्र!

खाली मेकॅनिक हाताची घडी घालून उभा होता. जंतू मारणारे महागडे फिल्टर हा माणूस परस्पर लांबवतो आणि धूळही न अडवणारे साधे बसवतो, असं सिस्टरने मनाशी पक्कं धरलं होतं. नाहीतर पंधरवड्यात पाच खोल्यांत ताप कसा शिरला? सात नंबरमध्ये तिचे स्वतःचे बाबा होते. एकच फुप्फुस धड राहिलेलं. अजून त्यांना ताप नव्हता, पण रोज सकाळी ती सगळ्यात आधी त्यांच्या कपाळावर हात ठेवून बघायची.

"हा तूच बसवलास?"

"कडेला माझी सही आहे, बघा."

सही होती. त्यामुळे तर ती अधिकच चिडली.

"मग मळला का नाही?"

मेकॅनिकने फिल्टर हातात घेतला, उलटसुलट केला आणि नाकाशी नेला.

"सिस्टर, हा कुणीतरी साबणाने धुतलाय. धुतला की याच्यावरचं औषध जातं. मग हा नुसता कपडा."

"थापा मारू नकोस. कोण कशाला धुवेल?"

"मी धुते की!"

दारात सफाईवाल्या मावशी बादली घेऊन उभ्या होत्या. चेहरा अगदी खुललेला. आपलं काम कुणाच्या तरी नजरेत भरलं, असंच त्यांना वाटलं असणार.

"नवी यंत्रं आली तेव्हा तुम्हीच बजावलंत ना, यांच्यावर धुळीचा कण दिसता कामा नये? दर रविवारी सगळे काढते. गरम पाण्यात खसाखसा धुते, उन्हात वाळवते आणि परत लावते."

मेकॅनिकने सिस्टरकडे पाहिलं नाही, एवढा चांगुलपणा त्याने दाखवला. तो आपली पिशवी आवरत राहिला. सिस्टरला त्याच्यासमोर लाज वाटली. ती स्टुलावरून खाली उतरली.

तिचा पडलेला चेहरा पाहून मावशी जवळ आल्या. त्यांनी आवाज खाली आणला.

"बाकीच्यांना सांगू नका हं. तुमच्या बाबांचा मात्र मी रोज धुते."